पैठणी शोधणारे आणि पैठणी घेणारे

गूगलवर नुसतं 'पैठणी' असं टाकणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणाला साडी घ्यायची असते, कुणाला मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी चार ओळी हव्या असतात, कुणी त्या नावाची कविता शोधत असतं, कुणी सिनेमा, आणि कुणी नुसतेच फोटो चाळत पडलेलं असतं. माझ्या मामांना मात्र खात्री होती, की त्या एका शब्दावर आपली वेबसाइट पहिली आली की दारात गिऱ्हाईकांची रांग लागणार.

मामा येवल्याचे. घरात हातमाग आहेत, आजोबांपासून विणकाम चालत आलंय. दुकान असं वेगळं नाही. पुढच्या खोलीत गादी, मागच्या खोलीत माग. मी पुण्यात एका कंपनीत वेबसाइटसाठी मजकूर लिहिण्याचं काम करते, म्हणून 'तुझ्या त्या एसईओचं बघ जरा आपल्यासाठी' हे काम आपसूक माझ्याकडे आलं. एसईओ म्हणजे गूगलच्या निकालांत आपलं पान वर यावं म्हणून केलेली खटपट. घरचं काम, म्हणजे पैसे नाहीत आणि मुदतही नाही. पण नोकरीत मला कधी करता येत नाही ती एक गोष्ट इथे करता येणार होती: ज्या मालाबद्दल लिहायचं तो करणाऱ्या माणसाशेजारी बसून लिहिणं.

वेबसाइट आधीच होती. कुणीतरी काही वर्षांपूर्वी बनवून दिलेली. दिसायला ठीकठाक. मी त्यातला 'आमच्याविषयी'चा मराठी परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला, तेव्हा इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी बाहेर पडली. मजकूर छापखान्यातल्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरप्रणाली) नसलेल्या फॉण्टमधून उचललेला होता. तो फॉण्ट वेबसाइटबरोबर लोड होत असल्यामुळे डोळ्यांना सुंदर मराठी दिसायची, पण शोधयंत्र डोळ्यांनी वाचत नाही, ते अक्षरांमागचे संकेतांक वाचतं. म्हणजे येवल्याच्या विणकराच्या पानावर गूगलच्या दृष्टीने मराठीचं एक अक्षर नव्हतं. साड्यांच्या प्रकारांची यादी होती, तीही फोटोच्या रूपात. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडून मजकूर घेऊन बनलेल्या बऱ्याच जुन्या मराठी वेबसाइटांची आजही हीच गत असेल, असा माझा अंदाज आहे. तपासायचं असेल तर कॉपी-पेस्टचा हा प्रयोग पुरतो, त्याला कुठलं साधन लागत नाही.

पानाच्या कोडमध्ये डोकावलं तर 'मेटा कीवर्ड्स' नावाच्या जागेत पैठणी, साडी, सिल्क, बनारसी, कांजीवरम, लेहंगा असं सगळं बाजारहाट भरलेलं होतं. रँकिंगसाठी, म्हणजे निकालांचा क्रम लावायला, आपण ही ओळ वापरत नाही, हे गूगलने 2009 सालीच जाहीर केलेलं आहे. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली शहरांची नावं होती. ही तर सरळ लपवाछपवी, आणि गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत तिला नाव घेऊन मनाई आहे. ते सगळं काढलं. काढल्यावर काहीही बिघडलं नाही.

याच सुमाराला मामांना एका एजन्सीचा फोन आला होता. महिन्याला अमुक रुपये द्या, पहिल्या पानाची हमी. मामा जवळजवळ तयार झाले होते. मी त्यांना म्हटलं, "मामा, त्यांना विचारा, पहिल्या पानावर कोणत्या शब्दाला आणणार?" त्यांनी विचारलं. समोरून उत्तर आलं, तुमच्या दुकानाच्या नावाला. स्वतःच्या नावावर तर कुणीही वर येतो. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं, पण हे वाक्य विकायला निघालेला माणूस कशाला सांगेल?

मग लोक गूगलमध्ये कोणते शब्द टाकतात ते शोधायला बसलो. मी आणि मामेभाऊ. तो कॉमर्सला आहे, माग चालवायला शिकतोय आणि इन्स्टाग्राम माझ्यापेक्षा चांगलं जाणतो.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, गूगलच्या कीवर्ड प्लॅनरपासून. कोणता शब्द किती वेळा शोधला जातो ते सांगणारं हे मुळात जाहिरातदारांसाठीचं साधन. जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल तर ते नेमका आकडा देत नाही, '1 हजार ते 10 हजार' असे ढोबळ टप्पे दाखवतं. त्यात 'स्पर्धा' नावाचा एक रकाना असतो, त्यात 'जास्त' दिसलं की नवखा माणूस घाबरतो. ती स्पर्धा जाहिरातदारांमधली असते. त्या शब्दावर विनापैशाच्या निकालांत वर येणं किती कठीण आहे, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. मामेभावाने तो रकाना बघून निम्मी यादी खोडली होती, ती परत जोडावी लागली. कठीण आहे का, हे बघायचं तर तो शब्द खुद्द गूगलमध्ये टाकायचा आणि पहिल्या दहा निकालांत कोण बसलंय ते बघायचं. 'पैठणी साडी ऑनलाइन'वर सगळी मोठी साडीदुकानं आणि बाजारपेठ-वेबसाइटा. तिथे हातमागवाल्या एका घराने डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. 'एकधोटी पैठणी'वर (एकाच धोट्याने विणलेली; धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन) मात्र निकाल विस्कळीत होते. कुठे कुणी दोन ओळींत उरकलेलं, कुठे नुसताच फोटो.

गूगल ट्रेण्ड्सही बघितलं. तिथले आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत, शून्य ते शंभर अशा प्रमाणात फक्त चढउतार सांगतात. लग्नसराई, दिवाळी, गौरी-गणपती. मामा म्हणाले, हे मला तुझ्या आलेखाशिवाय माहीत होतं. बरोबर होतं त्यांचं.

खरा माल निघाला मामांच्या फोनमध्ये. व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षांचे गिऱ्हाईकांचे निरोप पडलेले होते. मी चहाचा कप घेऊन बसले आणि वाचत गेले. 'उलट्या बाजूचा फोटो टाका.' 'जर (साडीतली सोनेरी तार) काळी पडते का?' 'आईची जुनी पैठणी आहे, पदर नवीन लावून मिळेल का?' 'लग्नाला दोन महिने आहेत, विणून होईल का?' 'वजनाला जड आहे का, मला दिवसभर नेसायची आहे.' 'मोर काठात मोर किती?' 'घरी धुतली तर चालेल?' 'ही हातमागाचीच कशावरून?' शेवटचा प्रश्न तर दर चार-पाच निरोपांनंतर, वेगवेगळ्या शब्दांत, कधी नम्रपणे, कधी भांडणाच्या सुरात. हे प्रश्न एका वहीत उतरवले, सारखे सारखे एकत्र केले आणि मग एकेक गूगलमध्ये टाकून बघितला. टाईप करताना खाली ज्या सूचना उमटतात, त्यांत त्यातले बरेच प्रश्न जवळजवळ तसेच होते. साधनांत ज्यांच्यापुढे आकडा म्हणावा असा आकडाच नव्हता असे हे शोध, पण त्या मागचा माणूस खरेदीच्या अगदी तोंडाशी आलेला. जर काळी पडते का, असं विचारणारी बाई कविता शोधत नाहीये.

लिपीचा गुंता इथेच उभा राहिला. आपले लोक तीन तऱ्हांनी शोधतात. काही जण देवनागरीत लिहितात किंवा बोलून शोधतात. काही जण मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत: 'ओरिजिनल पैठणी कशी ओळखावी' हे अख्खं वाक्य रोमन लिपीत, आणि 'ओळखावी'च्या स्पेलिंगचे जितके लोक तितके प्रकार. आणि तिसरे सरळ इंग्रजीत. गूगल या तिघांना बऱ्याचदा वेगवेगळे निकाल दाखवतं. तिन्ही तऱ्हांसाठी तीन पानं लिहायची, असा मामेभावाचा पहिला विचार होता. रोमन मराठीत अख्खं पान लिहिणं मला पटेना. वाचणाऱ्याला ते टोचतं, आणि ते कुणासाठी लिहिलंय तेही कळत नाही. शेवटी मराठी पानं देवनागरीत आणि इंग्रजी पानं वेगळी, असे दोन संच केले. दोन्ही एकमेकांची भाषांतरं नव्हेत, पण विषयाने जोडीची आहेत, म्हणून हे पान ते पान भावंडं आहेत हे सांगणारी 'एचरेफलँग' नावाची खूण कोडमध्ये घातली. रोमन मराठी लोकांना आमची देवनागरी पानं कधी दिसतात, कधी नाही. 'ळ'चं आणि 'ण'चं रोमन रूप शोधण्यात मी आणखी वेळ घालवला नाही.

आता मोठं भांडण. 'सेमी पैठणी'.

यादीत सगळ्यांत वजनदार शब्द तोच होता. हजार-दीड हजाराला मिळणारी, यंत्रमागावरची, बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याची साडी म्हणजे सेमी पैठणी. हळदीकुंकवाला, नाचाच्या कार्यक्रमाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसायला काहीच वाईट नाही. शोधणारे अफाट. मामेभाऊ म्हणाला, या शब्दावर पान टाकू, लोक येतील, त्यातले काही आपल्या साड्या बघतील. मामांनी मागावरून मान वर न करता सांगितलं, "जे आपण विणत नाही त्याची पाटी आपल्या दारावर लावायची नाही."

मला दोघांचंही अर्धं पटत होतं. गिऱ्हाईक 'सेमी' शोधत येतं ते बरेचदा फरक माहीत नसतो म्हणून. पण किंमत बघून ते परत जाणार, हेही उघड. आम्ही एकच पान केलं: हातमाग, यंत्रमाग आणि सेमी यांत काय फरक, कोणती कशासाठी घ्यावी. त्यात स्वच्छ लिहिलं, की आम्ही सेमी विणत नाही आणि विकतही नाही. तुमचं बजेट दोन हजार असेल तर सेमी घ्या, पण ती हातमागाची म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्या पानावर माणसं भरपूर येतात. खरेदी जवळपास शून्य. तरी ते पान ठेवलं, कारण वाद घालणाऱ्या गिऱ्हाईकाला पाठवायला मामांना आता एक दुवा आहे. साड्यांच्या एकाही पानाच्या मथळ्यात मात्र 'सेमी' शब्द येऊ दिला नाही.

तसंच 'पैठणी ब्लाउज डिझाईन'. हा शोध तर समुद्र आहे. पाठीच्या गळ्याचे नमुने, बाह्यांचे नमुने. आमच्याकडे साड्यांचे फोटो होते, त्यांत ब्लाउजपीसही होतं, सहज एक पान झालं असतं. पण मामा ब्लाउज शिवत नाहीत, आणि तो नमुना बघणाऱ्या बाईने साडी आधीच घेतलेली असते. 2022 साली झी मराठीच्या एका कार्यक्रमात 11 लाखांची पैठणी बक्षीस होती, येवल्यातच विणलेली, तिच्यावर पान लिही असाही आग्रह झाला. वाचतील खूप जण. मग? मी कंपनीत महिन्याचे अहवाल बनवते, तिथे वाचकांचा आकडा फुगला की सगळे खूश असतात. इथे आकडा फुगून मामींच्या हाती काय येणार होतं, तर दिवसभर 'फक्त बघत होतो' म्हणणारे फोन. कोणते शब्द घ्यायचे, यापेक्षा कोणते सोडायचे यावर आमचे जास्त तास गेले, आणि मला वाटतं ते तसेच जायला हवे होते.

दुसरं भांडण किमतीचं. 'पैठणी साडी किंमत', 'हातमाग पैठणी किती रुपये' हे शोध आमच्यासाठी सोन्यासारखे होते, आणि वेबसाइटवर किंमत लिहायला मामा तयार नव्हते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून, दोन्हींचे भाव हलते. पदर किती भरगच्च, काठ किती रुंद, बुट्ट्या किती, यावर विणायला काही आठवडे लागणार की काही महिने हे ठरतं. शिवाय आळीतले बाकीचे विणकर बघणार. पण किमतीचा प्रश्न विचारून आलेल्या माणसाला 'किमतीसाठी संपर्क करा' दाखवलं की तो तसाच मागे फिरतो. ज्या पानात प्रश्नाचं उत्तरच नाही ते वर यावं ही अपेक्षा तरी कशाच्या जोरावर करायची? शेवटी तडजोड झाली. प्रत्येक प्रकाराला 'इतक्यापासून पुढे' असा आकडा, आणि खाली किंमत कशाने वाढते याचा उलगडा: एकधोटीत एकाच धोट्याने विणलं जातं, काठ-पदराला वेगळे धोटे आले की श्रम वाढतात, मुनियाच्या (पोपटांच्या) काठापेक्षा बांगडी मोराच्या (बांगडीच्या गोलातल्या मोरांच्या) पदराला वेळ जास्त, वगैरे. हा मजकूर मामांनी तोंडी सांगितला, मी फक्त लिहून घेतला. त्यात मी एके ठिकाणी 'नाजूक कलाकुसर' घातलं होतं. मामांनी ते काढायला लावलं. म्हणाले, "कलाकुसर कसली, तासावर हिशोब आहे तो."

पानांची मांडणी करताना एक अशी अडचण आली, जी मला नोकरीत कधी भेटली नव्हती. हातमागाची साडी एकच असते. तिचं पान करा, फोटो चढवा, गूगलने ते पान नोंदवून वर आणायला वेळ घ्यावा, आणि तोवर साडी विकली जावी. आधीच्या वेबसाइटवर विकलेल्या साडीचं पान सरळ उडवायचे. म्हणजे जे पान जरा रुळायला लागलं, तेच 'सापडले नाही' म्हणून मेलं. आम्ही उलटा विचार केला. कायमची पानं साड्यांची नाहीत, प्रकारांची: नारळी काठ, मुनिया काठ, बांगडी मोर, असावली, ब्रोकेड, एकधोटी. त्या पानावर त्या प्रकारची माहिती, विकल्या गेलेल्या साड्यांचेही फोटो, आणि सध्या मागावर काय आहे ते. साडी विकली की तिच्यावर 'विकली गेली, ऑर्डरवर विणून मिळेल' एवढं लागतं, पान जागचं हलत नाही. जुन्या मेलेल्या पानांचे पत्ते (यूआरएल) 301 प्रकारच्या कायमच्या वळणाने योग्य त्या प्रकाराच्या पानावर नेले. हे एवढं एक काम केलं नसतं, तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं असं माझं मत आहे.

आणि मग ते पान, ज्यावर मी सगळ्यांत जास्त रमले: अस्सल हातमाग पैठणी कशी ओळखावी. या विषयावर इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे आणि बहुतेक सगळा एकमेकांचा बघून लिहिलेला. 'साडी उलटी करून बघा, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, मागे धागे लोंबकळले तर नकली.' मी हे वाचून दाखवलं तर मामा हसले. पदराबाबत ते खरं आहे, कारण पारंपरिक पैठणीच्या पदरातली नक्षी रंगारंगांचे धागे एकमेकांत अडकवत हाताने भरलेली असते, त्यामुळे मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. पण ब्रोकेड काठ जॅकार्डवर (नक्षीप्रमाणे धागे उचलणारी मागावरची यंत्रणा) विणलेला असतो, त्याच्या मागच्या बाजूला धागे येतात, आणि तरी ती साडी हातमागाचीच असते. नेटवरचा नियम जसाच्या तसा लावला तर मामांच्याच घरातली चांगली साडी नकली ठरते, आणि खरंच काही गिऱ्हाईकांनी तसं ठरवून भांडणं केलेली आहेत. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मामेभावाने दिवसाउजेडी फोटो काढले: पारंपरिक पदर सुलट आणि उलट, ब्रोकेड काठ सुलट आणि उलट, आणि शेजारच्या मावशींची यंत्रमागाची साडी, तीही उलट. काठाजवळ हातमागाच्या ज्या बारीक असमान खुणा राहतात, त्यांचा जवळून फोटो. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कची लेबलं कुठे असतात आणि ती काय सांगतात, काय सांगत नाहीत, तेही: सिल्क मार्क रेशमाची शुद्धता सांगतो, ते कुठल्या मागावर विणलं हे नाही.

डिसेंबर 2022 मध्ये गूगलने मजकुराचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत 'अनुभव' हा निकष जोडला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, वापरली आहे का. आमच्या क्षेत्रात त्यावर पुष्कळ भाषणं झाली. मला त्याचा अर्थ त्या फोटोंच्या वेळी कळला. या पानाला मथळा ठरवायला मात्र फार डोकं लागलं नाही; लोक जे विचारत होते तेच वाक्य मथळ्यात घातलं, पुढे 'येवल्याच्या विणकराकडून' जोडलं.

बाकीची कामं भराभर झाली. प्रत्येक पानाला एक मुख्य शोध, मथळ्यात तो सुरुवातीकडे, कारण लांबला तर मोबाइलवर कापला जातो. आणि कधीकधी गूगल आपला मथळा बाजूला सारून स्वतःचाच लावतं, त्याला इलाज नाही. निकालांत मथळ्याखाली दिसणारं दोन ओळींचं वर्णन रँकिंग वाढवत नाही, पण वाचून माणूस आत येतो, म्हणून ते नीट लिहिलं. पानांचे पत्ते इंग्रजी अक्षरांत ठेवले. देवनागरी पत्ता दिसायला छान, पण व्हॉट्सॲपवर पाठवायला कॉपी केला की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे त्या माळेत नऊ जागा खातं. 'बांगडी मोर पैठणी' एवढ्याचा पत्ता पाहून मामींना वाटलं व्हायरस आलाय.

फोटोंच्या फाईलींची नावं कॅमेऱ्याने दिलेलीच होती, आकड्यांची. ती बदलली, आणि प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर लिहिला: 'जांभळ्या पैठणीच्या पदरावर बांगडी मोर, उलटी बाजू'. साडीसारख्या वस्तूला फोटोंच्या शोधातून येणारी माणसं बरीच असतात. मुख्य पानावर आपोआप सरकणारी पाच मोठमोठ्या फोटोंची पट्टी होती, ती उडवली, एकच फोटो ठेवला, तोही वेबपी नावाच्या हलक्या फाईलीच्या स्वरूपात. गूगलच्या हिशोबात पानातला सगळ्यांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा. आमच्या त्या पट्टीला येवल्यातल्या मोबाइल नेटवर त्याच्या कित्येक पट लागत होते. आमच्यासारख्या लहान वेबसाइटला पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं वेग मोजणारं साधन खऱ्या वाचकांची मोजमापं बहुधा देत नाही, तेवढी वर्दळच नसते. मग त्याच साधनाने स्वतः पान उघडून काढलेला अंदाज घ्यायचा आणि स्वतःच्या फोनवर उघडून बघायचं. वेगाने रँकिंग किती वाढलं, मला सांगता येणार नाही. फोटो लोड होईपर्यंत वाट बघून कंटाळणाऱ्यांचे फोन बंद झाले.

त्यानंतर काही महिने फक्त वाट बघणं. सर्च कन्सोल (आपली पानं कोणत्या शोधांवर दिसतात ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडायचं, शोधांची यादी वाचायची, बंद करायचं. मामा आठवड्याला विचारायचे, "आलं का वर?" या काळात लोक घाबरून सगळं पुन्हा बदलतात आणि मग कशाने काय झालं तेच कळत नाही. मी मामेभावाला मथळ्यांना हात लावू दिला नाही. हळूहळू 'एकधोटी', 'बांगडी मोर', 'जर काळी पडल्यास' असे शोध दिसू लागले, आधी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, मग वर. एक गंमत म्हणजे किमतीचं पान आणि फरकाचं पान एकाच शोधावर आलटून पालटून दिसायला लागली, आणि दोन्ही खालीच अडकली. फरकाच्या पानातला किमतीचा परिच्छेद काढून तिथून किमतीच्या पानाकडे दुवा दिला, तेव्हा ती सुटी झाली. 'पैठणी' या एका शब्दावर आम्ही कुठे आहोत, हे मामा आता विचारत नाहीत. कुठेही नाही आहोत.

'कशी ओळखावी'च्या पानाच्या इंग्रजी भावंडाचं मात्र 2024 नंतर वेगळंच झालं. गूगल भारतातही निकालांच्या वर एआयने बनवलेलं उत्तर दाखवायला लागलं. पान दिसल्याची नोंद होते, पण आत येणारी माणसं कमी झाली. बहुतेकांचं काम वरच्या वरच भागत असावं. फुकटची माहिती द्यायची आणि श्रेय दुसऱ्याने घ्यायचं, याचा मला राग येतो. मामांना येत नाही. त्यांच्या मते ज्याला खरंच साडी घ्यायची आहे तो उलट्या बाजूचा फोटो बघायला आत येतोच, आणि येणाऱ्या फोनांवरून ते अगदीच चूक वाटत नाही.

शेवटी केलेलं काम सगळ्यांत सोपं होतं आणि पैसे सगळ्यांत आधी त्यानेच दिले: गूगल मॅप्सवरची व्यवसायाची नोंद. शिर्डीला आलेली कुटुंबं गाडी करून तासाभराच्या आत येवल्याला पोहोचतात, आणि निघायच्या आधी फोनवर 'येवला पैठणी' किंवा 'जवळचे पैठणी विणकर' शोधतात. नोंदीत मागाचे फोटो, विंचूर चौफुलीपासून कसं यायचं, आणि 'विणताना बघता येईल' एवढं लिहिलं. बंगळूर, हैदराबाद, सुरतेची माणसं दारात यायला लागली. ती मागाजवळ उभी राहतात, मुलं धोटा हातात मागतात, मामांचं काम थांबतं, आणि बऱ्याचदा साडी घेऊनच जातात. अडचण एकच झाली. ही मंडळी दर्शन आटोपून नेमकी जेवणाच्या वेळेला पोहोचतात. गेल्या खेपेला गेले तेव्हा मामींनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "ते गूगलवर वेळ घालता येते ना गं? मग एक ते तीन बंद घाल. आणि रविवारी चारपर्यंत." मामेभावाने तिथेच बसून बदललं. मामांना अजून सांगितलेलं नाही.